अठरा अंशांवरचे सबनीसकाका

माझी पहिली बिअर सबनीसकाकांनी सिंकमध्ये ओतून दिली. सगळीच्या सगळी, तेवीस लिटर, आणि तीही मला न विचारता. बरं, ओळख म्हणावी तर जेमतेम अर्ध्या तासाची.

२०१२ साल. मी न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला शिकायला आले होते. माझी किवी फ्लॅटमेट घर सोडून जाताना बिअर करायचं प्लॅस्टिकचं पिंप आणि सुपरमार्केटात मिळतो तसा माल्टच्या पाकाचा डबा मागे ठेवून गेली. फुकट आलेलं टाकायचं नाही, हा आमच्या घराण्याचा बाणा. मी पाक पाण्यात कालवला, यीस्ट टाकलं आणि आता हे आंबवायचं कसं याचा विचार करत बसले. जुलै महिना, बाहेर गवतावरचं दव गोठलेलं, घरात स्वेटर घालून झोपायची वेळ. आंबवायचं म्हणजे ऊब द्यायची, एवढं ज्ञान माझ्या रक्तातच होतं. इडलीचं पीठ काय, विरजण काय, आईने सगळं गुंडाळून ठेवलेलंच मी पाहिलं होतं. इथल्या घरांत गरम पाण्याची टाकी एका कपाटात असते, हॉट वॉटर कपबर्ड म्हणतात त्याला, लोक त्यात टॉवेल वाळवतात. मी पिंप त्या कपाटात सारलं आणि वरून पुण्याहून आणलेली गोधडी घातली.

तिसऱ्याच दिवशी सबनीस पती-पत्नी दारात उभे. शैलाकाकूंची बहीण पुण्यात आमच्या शेजारी राहायची, तिच्याकडून "पोरीकडे जरा बघून ये" असा निरोप आला होता. काकूंच्या हातात डबा होता. मागे काका. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर, पायात मोजे आणि त्या मोज्यांचा अंगठ्यापाशी चुरगळा करून अडकवलेल्या जँडल्स, म्हणजे इथल्या अंगठ्याच्या रबरी चपला. मी त्या पायांकडे बघतच राहिले. काका हॅमिल्टनच्या 'ते रापा' भागातल्या एका कोल्ड स्टोरेजचं डिझाइनचं काम बघायचे, म्हणजे आयुष्य गारठ्यात गेलेला माणूस, हे मला नंतर कळलं.

मी मोठ्या दिमाखात कपाट उघडून दाखवलं. काकांनी गोधडीत हात घातला आणि पिंपाला उलटा तळवा लावला, तापलेल्या पोराच्या गळ्याला लावावा तसा.

"अगं, हिला सणकून ताप भरलाय."

"नाही काका, कपाटात चोवीसच आहे. मी बघितलं."

"कपाटातलं मला काय सांगतेस? आतलं सांग."

थर्मामीटर आत गेला आणि एकतीसवर थांबला. मग काकांनी जे ऐकवलं ते मी आजही विसरलेले नाही. "यीस्टला तू काय ऊब देणार? ते आंबायला लागलं की आपणच तापतं. अठरा अंशांवर ठेवलंस तर शहाण्यासारखं काम करतं. तू त्याला गोधडीत घालून उकडलंस. आता हे जो प्यायला बसेल तो उद्या डोकं धरून बसेल." एवढं बोलून गृहस्थांनी पिंप उचललं आणि लाँड्रीच्या सिंकमध्ये उपडं केलं.

 मी म्हटलं, "अहो, निदान चव तरी घ्यायची!"

"चव कशाला? आकडा दिसला ना."

काकू माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस. आमच्या घरी पण असंच असतं."

खरंच असंच असायचं. दिसेल त्याला उलटा तळवा लावून बघायची काकांना खोडच होती. दुधाची बाटली, गाडीचं बॉनेट, लोकांची पोरं. हस्तांदोलन केलं की "कसा आहेस" नाही, "हात गार आहेत तुझे." मला कॉलेजात फोन यायचा तो हॅलोबिलो न म्हणता, "आतलं किती?" कारण त्या प्रसंगानंतर त्यांनी मला शिष्य करून घेतलं होतं, तेही न विचारताच. पाण्याने भरलेल्या टबात पिंप ठेवायचं, थंडीत टबातल्या पाण्यात माशांच्या टाकीतला छोटा हीटर सोडायचा, उन्हाळ्यात पिंपाला ओला टीशर्ट नेसवायचा आणि पाण्यात बर्फाच्या बाटल्या टाकायच्या. एवढ्याने माझी दुसरी बिअर अशी उतरली की वर्गातल्या किवी मुलांनी ती मी केली यावर विश्वास ठेवला नाही. काकांनी मात्र घोटभर घेतली, गालात घोळवली आणि म्हणाले, "झाली." याहून मोठं कौतुक त्यांच्या शब्दकोशात नव्हतं.

त्यांच्या स्वतःच्या गराजमध्ये एक आडवा फ्रीझर होता. त्याला त्यांनी कंट्रोलर जोडला होता. पिंपाच्या पोटाला चिकटवलेली वायर आतलं तापमान बघायची, अठराच्या वर गेलं की फ्रीझर चालू, खाली आलं की बंद. मूळ फ्रीझर काकूंचा. एका गणपतीत काकूंनी मंडळाच्या जेवणासाठी पुरणपोळ्या करून त्यात गोठवून ठेवल्या होत्या. आदल्या दिवशी आम्ही मुली मदतीला गेलो तर पोळ्यांची पाकिटं अंगणातल्या बाकावर उन्हात मांडलेली, पाण्याने निथळणारी, आणि फ्रीझरमध्ये पिंप विराजमान.

"काका! पोळ्या!"

"वितळतील आणि काय. उद्याच खायच्यात ना? बिअर आज अठराच्या वर चढायला लागली होती."

मला वाटलं आता काकू पिंपासकट त्यांना बाहेर काढणार. काकूंनी पाकिटं गोळा केली, पोळ्या तव्यावर टाकायला घेतल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सवत परवडली असती. तिने फ्रीझर तरी मागितला नसता."

हळूहळू काकांचं नाव झालं. ऑकलंडपासून मराठी मंडळी आपापल्या बाटल्या घेऊन त्यांच्यापुढे हजर व्हायची. एकदा ऑकलंडच्या ईस्ट टामाकीहून एक इंजिनिअर जोडपं आलं होतं. काकांनी आधी गप्पा मारल्या, पिंप कुठल्या खोलीत होतं, कधी लावलं, घरी कोण आलं होतं. मग एक घोट घेतला. "कडवटपणा ठीक, फेस ठीक. दोन-तीन दिवसांनी खोलीत हीटर लावलात ना?" त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सासू-सासरे भारतातून आले म्हणून त्यांनी खरोखरच हीटर लावला होता. आम्ही सगळे थक्क. "काय नाक आहे काकांचं!" असं कोणीतरी म्हणालं आणि काका खो खो हसले. इतकं काय हसायचं, असं मला वाटून गेलं.

काकूंचं नाव तर त्याच्याही आधीपासून झालेलं. हॅमिल्टनमधल्या दिवाळीचा फराळ म्हणजे शैलाकाकूंचा. आणि फराळाचा कुठलाही घाणा बाहेर जाण्याआधी पहिला घास काकांचा, हा त्या घरचा नेम. काकू बशी पुढे करून उभ्या राहायच्या आणि त्यांच्या तोंडाकडे बघायच्या. काकांनी मान हलवली की डबे भरायचे.

एका दिवाळीला काकूंना जबरदस्त सर्दी झाली. नाक बंद, त्यामुळे चवीचं सगळं काकांवर सोपवलेलं. शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, ताटं मांडली, आणि पहिल्याच पंगतीत एक चिमुरडी ओरडली, "मम्मी, धिस स्मेल्स लाइक पेंट!" आईने तिला दटावलं, मग स्वतः चिवडा नाकाशी नेला आणि गुपचूप ताटाच्या कडेला सारला. शेंगदाणे पार खवट होते. बघता बघता सगळ्यांच्या ताटांच्या कडेला चिवड्याचे ढीग लागले. काकूंचा चेहरा पांढराफटक. त्या काकांकडे वळल्या. "तुम्ही खाल्ला होतात ना सकाळी? काय म्हणालात मला?"

"कुरकुरीत आहे म्हणालो. आहेच कुरकुरीत." आणि त्या माणसाने सगळ्यांच्या देखत चिवड्याचं पातेलं पुढे ओढलं आणि वाटीमागून वाटी खायला सुरुवात केली. कोणाला ते प्रेम वाटलं, कोणाला हेकटपणा. मला तर बघवेना, इतका तो खवट वास त्या पातेल्याला येत होता.

त्यानंतर काकूंनी फराळ बंद केला. लोकांनी मनधरणी केली, पण नाही. मला एकदा म्हणाल्या, "माझा हातच गेला गं. हे म्हणतात छान आहे, लोक म्हणतात खवट आहे. कोणाचं खरं धरू? आता साध्या वरणालासुद्धा मला खात्री वाटत नाही." काकूंसारख्या बाईच्या तोंडून हे ऐकून मी हादरले. काका शेजारच्या खोलीतच होते आणि त्यांना सगळं ऐकू जात होतं. ते बाहेर आले नाहीत.

पुढे मी शिकून तिथेच नोकरीला लागले आणि दर शनिवारी सकाळी त्यांच्या गराजमध्ये हजेरी लावायचा रिवाज पडला. अशाच एका हिवाळ्यातल्या शनिवारी, बाहेर दाट धुकं, काकू बायकांबरोबर ऑकलंडच्या ओटाहुहूला किराण्याला गेलेल्या. मी घरातून गराजकडे जाणारं दार उघडलं आणि गॅसचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. गराजमध्ये काका पोटात सिलिंडर असलेला तो चाकांचा हीटर वापरत. त्याच्या नळीतून गॅस सुटला होता, आणि थंडी म्हणून गराजचं मोठं दार लावलेलं. त्या सगळ्याच्या मध्यभागी सबनीसकाका उकिडवे बसून, नवा कंट्रोलर मांडीवर घेऊन, शीळ घालत होते.

"ये ये, वेळेवर आलीस. जरा ते भिंतीवरचं बटण दाब, बघू फ्रीझर चालू होतो का. आणि मग हा हीटरही पेटवू, गारठलो बघ."

मला वाटलं मी स्वप्नात आहे. मग मी एवढ्या जोराने किंचाळले की माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. "काका, कशाला हात लावू नका!" गराजचं दार विजेवर चालायचं, एक ठिणगी पुरली असती म्हणून ते बटणही दाबायची सोय नव्हती. मी वरची दोरी ओढून दार हाताने वर ढकललं, काकांच्या इस्त्रीच्या शर्टाची कॉलर धरली आणि त्यांना ओढत अंगणात आणलं. शेजारचा हेमी, दांडगा माओरी माणूस, काकांचा बिअरमधला जोडीदार, आवाज ऐकून कुंपणावरून उडी मारून आला. त्याने नाक दाबून आत जाऊन सिलिंडर बंद केला. बाहेर येऊन म्हणाला, "ब्रो, रस्त्यापर्यंत वास येतोय. तू आत काय करत होतास?"

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. "कसला वास?"

हा प्रश्न त्यांनी खरोखर विचारला होता. 

ते तिथेच ओल्या गवतावर बसले. हेमी त्यांच्या खांद्यावर आपलं जॅकेट टाकून थोडा लांब जाऊन उभा राहिला. काका मराठीत माझ्याशी बोलले. तरुणपणी ते पुण्याजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात होते. तिथे अमोनियाचा पाइप फुटला आणि गॅस थेट तोंडावर आला. डोळे वाचले, छाती वाचली, नाक गेलं. कायमचं. खारट, आंबट, गोड, कडू जिभेला कळतं, बाकी सगळं सपाट. तेव्हा नुकतं लग्न झालेलं. काकू आधीच त्या नोकरीच्या विरोधात होत्या. घरी येऊन ते डोळे चुरचुरतात एवढंच बोलले. त्या संध्याकाळी काकूंनी मसालेभात केला होता. "कसा झालाय" म्हणून विचारलं आणि हे म्हणाले, फार छान.

"मग दुसऱ्या दिवशी कसं सांगणार? आणि वर्षाने कसं सांगणार? तूच सांग."

 हॉलमधला तो चिवडा, ते पातेलं, आकड्यावर ओतून दिलेली माझी बिअर, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. ज्याच्या एका घोटाला आम्ही घाबरायचो त्या माणसाला बिअरचा वास म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. बिअर करायला तो लागला तोच मुळी परदेशात आल्यावर, नाक गेल्यानंतर कित्येक वर्षांनी. आणि त्याची बायको त्याच्या मान हलवण्यावर भरवसा ठेवून स्वतःच्या जिभेला खोटं ठरवून बसली होती. मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त संताप आला.

"शैलाला सांगू नकोस," काका म्हणाले.

"काका, आज घर उडालं असतं."

"उडालं नाही ना?"

"आणि काकू? त्या म्हणतात माझा हात गेला. तुम्ही भिंतीपलीकडून ऐकत होतात."

 हातातला कंट्रोलर त्यांनी गवतावर ठेवला. इतकी वर्षं मी त्यांना पाहत होते, पण त्यांचा चेहरा घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. गॅसने घाबरले नव्हते ते. काकूंची गाडी यायची होती, त्याने घाबरले होते.

काकू दुपारी आल्या. पिशव्या सांभाळत अंगणात शिरल्या, सताड उघडं गराज पाहिलं, बाहेर काढलेला सिलिंडर पाहिला, आणि मी गॅस सुटल्याचं सांगताच त्यांनी सरळ विचारलं, "अहो, पण तुम्ही आतच होतात ना? तुम्हाला वास नाही आला?"

मी नळाकडे बघत उभी राहिले. 

"मला वास येत नाही, शैला."

"सर्दी झालीय?"

"कधीच येत नाही. बर्फाच्या कारखान्यापासून."

काकू पायरीवर बसल्या. पिशवीतली कोथिंबिरीची जुडी गवतावर पडली, कोणी उचलली नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे तो चिवडा."

"हो."

"आणि आपल्या मुक्ताच्या बारशाचा शिरा? केशर जास्त झालं का विचारलं होतं मी."

"हो."

"आणि तुमच्या आई गेल्या त्याच्या आदल्या दिवशी मी अळूचं फतफतं केलं होतं. तुम्ही म्हणालात, आईच्या हातासारखं झालंय."  काकूंनी आणखी एकाही पदार्थाचं नाव घेतलं नाही. उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. रडल्या असत्या, ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

घरात गॅसचा वास ओळखणारं यंत्र बसलं, हीटर गेला. त्या दिवाळीला काकूंनी परत फराळ केला आणि पहिला घास स्वतः खाल्ला. चिवडा असा झाला होता की लोकांनी परत परत मागितला. पण काकांना त्यांनी कशाचीही चव विचारली नाही. ताट वाढायच्या, समोर ठेवायच्या आणि उठून जायच्या. काका मान खाली घालून जेवायचे. फ्रीझर अठरावर नेमाने चालू होता, पण बिअर प्यायला बोलवायचे ते फक्त हेमीला आणि मला.

२०१९ मध्ये मला ऑकलंडला नोकरी मिळाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा काकू ओट्याशी होत्या, मला डबा बांधून द्यायचा म्हणून घाईत. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, आत यायची परवानगी नसल्यासारखे. मी बाहेरच्या खोलीत बसून होते आणि उघड्या दारातून दोघं दिसत होती. तेल तापत होतं. काकूंनी वळूनही न बघता विचारलं.

"एवढं एकदा सांगा मला. इतकी वर्षं मी फोडणी दिली ती कोणासाठी?"

 मला वाटलं आता हा माणूस काहीतरी आकडा सांगणार आणि सगळं संपणार.

"मला ती ऐकू येते ना," ते म्हणाले. "मोहरी तडतडली की मला कळतं, घर आलं. तेवढ्यावर भूक लागते मला. कारखान्यातून आलो त्या दिवशीपण तीच ऐकली होती."

 काकूंनी डावा हात मागे केला, काकांच्या बाहीला धरून त्यांना ओट्यापाशी ओढलं आणि तेलात मोहरी टाकली. मोहरी तडतडली. काकांनी डोळे मिटून मान पुढे केली. तडतड थांबली, फोडणी झाली, आता हिंग-हळद पडायला हवी होती. काकूंनी पदराने डोळे पुसले, डब्यातून आणखी चमचाभर मोहरी घेतली आणि तीही तेलात टाकली.